टायर घेताना वजन आधी, किंमत नंतर

या महिन्यात एका भगिनीचे पत्र निवडले आहे, कारण त्यांचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. त्यांचे पती आणि दीर मिळून स्लॅबची कामे घेतात. घरची एक पिकअप आहे. हौद्यात सेंट्रिंगच्या प्लेटा, फावडी-घमेली, आणि मागे हुकाला मिक्सर मशीन टोचन करून ही गाडी रोज या गावाहून त्या गावाला जाते. आता मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले आहेत. पुढच्या टायरांवर अजून नक्षी आहे. दुकानदाराने चार प्रकारचे भाव सांगितले: वापरलेले टायर, रिमोल्ड, ‘चालून जातील’ असे स्वस्तातले नवे आणि जड कामाचे महाग नवे. दीर म्हणतात, आत्ता वापरलेले टाकू, पावसाळ्यानंतर बघू. पतींना चांगले टायर हवेत, पण हाताशी पैसे थोडे. गाडीचा जमाखर्च या भगिनीच वहीत लिहितात, म्हणून दोघे भाऊ निर्णयासाठी त्यांच्याकडे बघतात. त्या लिहितात, “सगळे टायर काळे आणि गोल. महागाचे पैसे नेमके कशाचे द्यायचे?”

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. टायरचे पैसे वजन उचलण्याचे असतात. रिमच्या मापाला बसतो तो टायर आपल्या कामाचा असेलच असे नाही. आपल्या भरलेल्या गाडीचे वजन, त्यात मशीनचा भार मिळवून, जो टायर उचलू शकतो तोच आपल्या कामाचा. म्हणून दुकानात भाव विचारण्याआधी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: टायर किती उचलतो आणि आपण त्याच्यावर किती लादतो.

टायरवर काय लिहिलेले असते

टायर किती उचलतो हे विचारायला दुकानदार लागत नाही. ते टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, लिहिलेले असते. समजा तिथे २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास १५ इंच. काही पिकअपना ७.०० आर १५ असे जुन्या पद्धतीचे माप असते. तिथे ७ ही इंचातली रुंदी.

बहुतेक लोक इथवरच वाचतात आणि दुकानदारही इथवरच विचारतो. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. मापानंतर एक अंक आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ११२ आणि क्यू. तो अंक म्हणजे भाराचा क्रमांक. १०० असेल तर एक टायर ८०० किलो उचलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो आणि ११६ म्हणजे १२५० किलो. पुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. एन म्हणजे ताशी १४० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०. मशीन ओढणाऱ्या गाडीला या वेगाजवळ कधी जायचेच नाही, त्यामुळे आपल्याला त्या अक्षरापेक्षा आधीचा अंक महत्त्वाचा. काही टायरांवर ११२/११० असे दोन अंक असतात. पहिला अंक एकेरी चाकासाठी, दुसरा एका बाजूला जोडीने बसवलेल्या चाकांसाठी. आपल्या पिकअपला मागे एकेक चाक असेल तर पहिला अंक धरायचा.

लक्षात घ्या, एकाच मापाचे दोन टायर वेगवेगळ्या भाराचे असू शकतात. दोन्ही त्याच रिमवर बसतील, पण एक ८०० किलोचा असेल आणि दुसरा हजाराच्या वरचा. दुकानदाराने सांगितलेल्या ‘स्वस्त नवे’ आणि ‘महाग नवे’ यांतला फरक पुष्कळदा इथेच असतो.

मालवाहू कामाच्या टायरवर एलटी ही अक्षरे आणि ६ पीआर, ८ पीआर किंवा १० पीआर असेही लिहिलेले असते. लोक याला ‘किती प्लायचा टायर’ म्हणतात. आजच्या रेडियल टायरात तेवढे थर मोजून सापडणार नाहीत. तो टायरच्या ताकदीचा दर्जा आहे. जास्त पीआरचा टायर जास्त हवा धरतो आणि त्यामुळे जास्त वजन पेलतो. वजन खरे तर आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि तारा त्या हवेला धरून ठेवतात.

मशीन लावल्यावर वजन कुठे जाते

आता दुसरी बाजू. पुष्कळ जण म्हणतात, मिक्सरला स्वतःची चाके आहेत, त्याचा भार आमच्या गाडीवर कुठे येतो? अर्धेच खरे. मशीनचा बहुतेक भार त्याच्या चाकांवर असतो, पण दांडी हुकावर टेकलेली असते आणि ती हुकाला खाली दाबते. ओढायच्या सामानाचा साधारण दहावा हिस्सा दांडीतून गाडीवर यावा, असा ढोबळ हिशेब धरतात. तो फार कमी असला तर मागचे सामान रस्त्यावर डुलू लागते. फार जास्त झाला तर गाडीचे नाक वर उचलले जाते.

हा भार मोजायचा सोपा मार्ग म्हणजे गावाजवळचा वजनकाटा. कामाला निघताना जशी भरतो तशी गाडी भरा, मशीन हुकाला लावा आणि काट्यावर जा. आधी फक्त पुढची दोन चाके काट्यावर घेऊन थांबा आणि आकडा लिहा. मग मागची चाकेही काट्यावर घ्या, पण मशीनची चाके काट्याबाहेर राहू द्या. हा दुसरा आकडा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मागच्या दोन टायरांवरचा भार मिळतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा मशीनशिवाय भरलेल्या गाडीचे पुढचे वजन १००० किलो आणि मागचे १७५० किलो आहे. मशीन ११०० किलोचे आणि दांडीचा दाब ११० किलो. मशीन लावल्यावर काटा पुढे ९६० आणि एकूण २८६० दाखवतो. म्हणजे मागे १९०० किलो. दाब ११० किलोचा, पण मागचा भार १५० किलोने वाढला! ही काट्याची चूक नाही. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे दाबले की तराफा जसा एका टोकाला दबतो आणि दुसऱ्या टोकाला उचलतो, तसे पुढच्या चाकांवरचे ४० किलो सरकून मागे येतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे स्टेअरिंगही हलके लागते, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

१९०० किलो दोन टायरांवर, म्हणजे प्रत्येकी ९५०. पण रस्ता वहीतल्या आकड्यांसारखा सरळ नसतो. प्लेटा एका बाजूला जास्त रचल्या जातात, वळणावर बाहेरच्या टायरवर भार ढकलला जातो, खड्ड्यात क्षणभर वजन कितीतरी वाढते. म्हणून निदान १० ते १५ टक्के मोकळीक ठेवावी. ९५० वर १५ टक्के धरले तर १०९० च्या आसपास होते. या गाडीला १०० किंवा १०४ भाराचा टायर म्हणजे पहिल्या दिवसापासून अन्याय. १०८ चा जेमतेम पुरेल. ११२ चा टायर योग्य. पत्रातला ‘महागाचे पैसे कशाचे’ हा प्रश्न इथे सुटतो.

त्याच वेळी आणखी एक आकडा तपासा. आरसीवर गाडीचे भरलेले वजन किती असावे ते लिहिलेले असते. मॅन्युअलमध्ये प्रत्येक अॅक्सलची मर्यादाही मिळते. टायर ताकदीचे घातले म्हणून ही मर्यादा वाढत नाही. पाटे, ब्रेक, अॅक्सल तेच राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. या एका दंडाच्या पैशात चांगल्या टायरांची जोडी येते. ओढण्याबाबत कंपनीने आपल्या मॉडेलला काय मर्यादा दिली आहे आणि नोंदणी, विमा यांचे नियम काय, हेही मॅन्युअलमध्ये आणि आरटीओत एकदा विचारून घ्यावे. हुक वेल्डिंगवाल्याने बसवला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही.

वापरलेले, रिमोल्ड की नवे?

दीर वापरलेले टायर घ्या म्हणतात. त्यांचा हेतू घराचे पैसे वाचवण्याचाच आहे, यात शंका नाही. पण वापरलेल्या टायरचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. तो कमी हवेवर किती पळाला, आतून तारा दुखावल्या आहेत का, हे वरून दिसत नाही. काही ठिकाणी गुळगुळीत टायरावर गरम हत्याराने पुन्हा खाचा कोरतात आणि काळे पॉलिश मारून ठेवतात. असा टायर ओळखायचा असेल तर खाचेत बोट घालून बघा. प्रत्येक टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर आडव्या छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. घासत घासत नक्षी त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला, असा तो इशारा. खाच खोल दिसते आहे, पण पट्टी कुठेच नाही किंवा मधोमध कापलेली आहे, तर टायर कोरलेला आहे. तो हातात धरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही चारचाकीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असे सांगितले आहे.

रिमोल्ड किंवा रिट्रेड सरसकट वाईट म्हणणे योग्य नाही. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे कारखाने आहेत आणि त्या टायरांवर लाखो लोक प्रवास करतात. पण तिथे टायर स्वतःचा असतो, त्याची नोंद असते, तपासणी होते. रस्त्याकडेला कुणाच्यातरी जुन्या सांगाड्यावर नवे रबर चिकटवून मिळणारा टायर ही वेगळी गोष्ट आहे. मशीन ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाला तो नकोच.

स्वस्तातले नवे घेताना आयएसआयची खूण पाहा. भारतात मोटारींच्या टायरना २००९ च्या आदेशानुसार भारतीय मानकाची खूण बंधनकारक आहे. मालवाहू गाडीच्या टायरचे मानक आयएस १५६३६ आणि कारच्या टायरचे आयएस १५६३३. टायर कोणत्या कामासाठी बनवला आहे हे या क्रमांकावरूनही कळते.

नवा टायरसुद्धा जुना असू शकतो. कुशीवर एका लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनला. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला टायर नव्याच्या भावात का घ्यायचा? रबर न वापरताही वाळते.

पैशांचा हिशेब किलोमीटरवर करावा. समजा जड कामाचा नवा टायर ८,००० रुपयांना पडला आणि ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २० पैसे पडले. वापरलेला २,५०० ला मिळाला आणि ८,००० किलोमीटरमध्ये संपला, तर ३१ पैसे. त्यात पंक्चर, खाडा आणि अर्ध्या रस्त्यात थांबलेली माणसे धरलेलीच नाहीत. आपल्या वहीत आपल्या भागातले भाव आणि मागच्या टायरांचे किलोमीटर घालून हाच हिशेब करून बघा. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वॉरंटी मागायला बिल आणि त्यावर टायरचा नंबर लागतो.

दोनच घ्यायचे असतील तर

भगिनीच्या घरी चार टायरांचे पैसे नाहीत. हरकत नाही. पुढचे टायर तपासून चांगले निघाले तर दोन घ्या, पण दोन्ही एकाच मापाचे, एकाच भाराचे, एकाच नक्षीचे. ते मागे लावा. आपल्याकडे नवे टायर पुढे घालायची सवय आहे. मागचा टायर निसटला किंवा फुटला तर गाडीचा मागचा भाग फेकला जातो आणि मागे हजार किलोचे मशीन असेल तर ते त्याला आणखी ढकलते. सावरायला वेळ मिळत नाही. अर्थात पुढचे टायरही भाराच्या क्रमांकाने गाडीला शोभणारे असले पाहिजेत.

एका अॅक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असे कधीही चालवू नका. दोघांचे वाकणे वेगळे असते. मोठ्या मापाचा टायर घालून गाडी उंच करण्याचा मोहही टाळा. इंजिनाला आणि ब्रेकला जास्त जोर लागतो, मीटर चुकीचा वेग दाखवतो आणि भार उचलण्याची कायदेशीर मर्यादा तसूभरही वाढत नाही.

नक्षी कोणती घ्यावी हा प्रश्न कोकणात आणि घाटमाथ्यावर विशेष महत्त्वाचा. उभ्या रेघांचा रिब टायर डांबरी रस्त्यावर सरळ आणि थंड चालतो. आडव्या जाड ठोकळ्यांचा लग टायर चिखलात पकड देतो, पण हमरस्त्यावर आवाज करतो, तापतो आणि लवकर घासतो. ज्यांची कामे रोज कच्च्या वाटेने आत असतात, लाल मातीत चढ चढावे लागतात, त्यांनी मागे सेमी-लग घ्यावा. दिवसाचे बहुतेक किलोमीटर डांबरावरच होत असतील तर साधा रिब किंवा मिश्र नक्षीचा पुरतो.

आणि स्टेपनी! चार चांगले टायर घालून स्टेपनीला टकला टायर ठेवणारे पुष्कळ. तो बदलावा लागतो नेमका भरलेल्या गाडीला, बहुधा रात्री, घाटात. स्टेपनीही तेवढ्याच भाराची हवी. मागचे जुने काढलेले गुळगुळीत टायर स्टेपनीला टांगू नका.

हवा: फुकटची आणि सर्वांत महत्त्वाची

महाग टायर घेतला आणि हवा कमी ठेवली तर पैसे वाया. कुशीवर लिहिलेले वजन हे ठरावीक हवा भरलेली असतानाचेच असते. कारच्या टायरला साधारण ३० ते ३५ पीएसआय पुरते. मालवाहू एलटी टायरला ५० ते ६५, तर काहींना त्याहून जास्त लागते. आपल्या गाडीला रिकामे असताना किती आणि भरलेले असताना किती, हे दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेले असते. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो. टायरवर जास्तीत जास्त किती हवा भरता येते तेही लिहिलेले असते. ती मर्यादा ओलांडू नका. रिमलाही आपली मर्यादा असते.

हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची कुशी दबते आणि सरळ होते. तार वारंवार वाकवली की जशी गरम होते, तसे आतले रबर तापते. रबर आणि तारांची पकड सुटू लागते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावर, जादा भार, कमी हवा आणि वेग हे तिघे एकत्र आले की टायर फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पुढे तिथे टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला महामार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवाव्या लागल्या. रस्ता चांगला झाला म्हणजे टायर चांगला होत नाही, उलट वेगामुळे त्याची परीक्षा कठीण होते.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी तपासावी. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती पाहून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. हवा मोजायचे छोटे गेज विकत घेऊन घरात ठेवा. गाडी अंगणात उभी असते, तेव्हा हे काम घरातली मुलगी किंवा मुलगाही करू शकतो. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि चार टायर, स्टेपनी आणि मशीनची दोन चाके यांचे आकडे वहीत लिहा. एकाच टायरची हवा दर आठवड्याला उतरत असेल तर त्याला खिळा आहे किंवा वाल्व खराब आहे, हे वहीच सांगेल.

मशीनच्या चाकांकडे कोण बघतो?

गाडीचे टायर निवडताना घरातले सगळे चर्चा करतात. मिक्सरच्या चाकांबद्दल कुणी बोलत नाही. बहुतेक मशीनला कुठल्यातरी जुन्या गाडीचे काढलेले टायर घातलेले असतात. मशीन महिनोन्‌महिने साइटवर उन्हात उभे असते. टायर चाललेला नसतो, पण उन्हाने कुशीला बारीक चिरा पडलेल्या असतात. तोच टायर एक दिवस अचानक हमरस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने पळवला जातो.

मशीनला स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ते गाडीला मागून ढकलत राहते. म्हणून मशीनच्या टायरवरही भाराचा क्रमांक आणि तारीख बघा, चिरा पडलेला टायर काढा, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस द्या, नट आवळा. हुकाच्या पिनला लॉक आणि सोबत साखळी हवीच. पिन निघाली तर साखळी मशीनला धरून ठेवते. मशीनवर सिमेंटच्या गोणी किंवा प्लेटा बांधू नका, दांडीचा हिशेब बिघडतो. घाट उतरताना खालचा गिअर टाका. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचायची घाई प्रत्येकाला असते. अशा दिवशी काम अर्धा तास आधी थांबवणे हाच त्यावरचा उपाय, वेग वाढवणे नव्हे.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगावी लागते. साइटवर जाताना मजुरांना हौद्यात, प्लेटांवर किंवा मशीनच्या सांगाड्यावर बसवून नेण्याची पद्धत सर्रास आहे. टायर फुटला तर केबिनमधला माणूस कदाचित वाचेल, हौद्यातला फेकला जाईल. मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या माणसासाठी विम्याची भरपाई मिळणेही कठीण होते. ही माणसे आपल्या भरवशावर गाडीत बसतात. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च कामाच्या भावातच धरला पाहिजे.

पैसे कसे उभे करायचे

भगिनीच्या वहीसाठी एक सुचवणे. टायर अचानक संपत नाहीत, रोज थोडे थोडे घासतात. वरच्या उदाहरणात चार टायर ३२,००० रुपयांचे आणि ४०,००० किलोमीटरचे, म्हणजे किलोमीटरला ८० पैसे. तो सोयीसाठी एक रुपया धरा. ६० किलोमीटर गाडी फिरली की ६० रुपये वेगळ्या डब्यात. हा खर्च कामाचा भाव सांगतानाच धरलेला असला म्हणजे घरखर्चातून काढावा लागत नाही. मग पुढच्या वेळी दुकानदाराकडे उधारी नको आणि व्याजाचा हप्ताही नको. यंदा मागचे दोन घ्या, आजपासून डबा सुरू करा आणि पुढचे दोन त्या डब्यातून येऊ द्या. दीरांनाही हा मार्ग पटेल, कारण त्यांची अडचण पैशांचीच आहे.

दुकानात जाताना वहीतून ही चिठ्ठी फाडून न्या:

१. मशीन लावून काट्यावर मोजलेला मागच्या चाकांवरचा भार, भागिले दोन, अधिक १५ टक्के.

२. त्या भाराला पुरणारा क्रमांक. आमच्या उदाहरणात ११२.

३. गाडीला कंपनीने दिलेले मूळ माप, एलटी आणि पीआरचा दर्जा.

४. आयएसआयची खूण आणि चार अंकी तारीख, शक्यतो एका वर्षाच्या आतली.

५. दोन्ही टायर एकसारखे, मागे बसवायचे. सोबत नवे वाल्व, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट.

६. पक्के बिल, टायरच्या नंबरासह.

७. शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळणे.

टायर बसवायला पती आणि दीर जातील, पण चिठ्ठी घेऊन भगिनींनीही सोबत जावे. कुशीवरचे अंक वाचून दाखवणारे गिऱ्हाईक समोर असले की दुकानदारही नीट माल दाखवतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आजच अंगणात जाऊन मागच्या टायरवरचा भाराचा क्रमांक आणि तारीख वाचावी, वहीत लिहावी आणि काही शंका असेल तर आम्हाला पत्राने कळवावी.